घाटात पेडल खाली जातंय? हॉट हॅचचे ब्रेक थोडक्या पैशांत सुधारायचे कसे

खंडाळ्याचा घाट उतरून खोपोलीकडे येताना माझ्या पोलो जीटी टीएसआयचं ब्रेक पेडल नेहमीपेक्षा दोन बोटं जास्त खाली गेलं. गाडी थांबली. पण बायकोने डॅशबोर्डला टेकवलेला हात पनवेलपर्यंत काढला नाही. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या लाल कॅलिपरची (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या चिमट्याची) किंमत विचारली, आकडा ऐकला आणि गपचूप फोन ठेवला. पुढे जे केलं त्याचा खर्च त्या आकड्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी झाला.

लहान गाडीत दांडगं इंजिन, म्हणजेच हॉट हॅच, असली की हा प्रश्न कधी ना कधी येतोच. बलेनो आरएस किंवा अबार्थ पुंतोला निदान चारही चाकांना डिस्क आहेत. आपल्याकडच्या पोलो जीटीला मागे ड्रमच. त्यात कित्येक जण रिमॅप करून (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून) आणखी वीस-तीस घोडे जुंपतात आणि ब्रेक ऑइल मात्र डिलिव्हरीच्या दिवशीचं!

ब्रेकचं काम एकच, वेगाची उष्णता करून ती हवेत सोडायची. माणसांसकट १,२०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून पूर्ण थांबली की सुमारे ४ लाख ६० हजार ज्यूल उष्णता तयार होते. तेवढ्यात दीड लिटर पाण्याला उकळी फुटेल, म्हणजे अख्ख्या घराचा चहा. वेग ८० वरून १०० झाला तर तो पंचवीस टक्केच वाढतो, उष्णता मात्र ५६ टक्के वाढते. अंधेरीच्या ट्रॅफिकमध्ये ब्रेक दिवसभर दाबले तरी ते फारसे तापत नाहीत, कारण वेगच नसतो. घाटात मात्र एका वळणाची उष्णता निघून जायच्या आत दुसरं वळण हजर.

आधी पेडल काय सांगतंय ते ओळखा

पैसे कुठे घालायचे हे पेडलच सांगतं. तापल्यावर पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर ऑइल उकळतंय. पेडल घट्ट आहे, जोर लावताय, तरी गाडी पुढेच जातेय, तर पॅड त्यांच्या मर्यादेपलीकडे तापलेत. जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली एबीएसची (चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) थरथर लगेच सुरू होत असेल, तर ब्रेक ठीक आहेत, पकड टायरची सुटतेय. गाडी एका बाजूला ओढत असेल तर बहुधा एखादा कॅलिपर अडकलाय. आणि थंड गाडीतही पेडल मऊ असेल तर लाइनमध्ये हवा आहे किंवा कुठेतरी गळती आहे. अशा वेळी सुधारणा वगैरे नंतर, आधी दुरुस्ती.

टायर

ब्रेक चाक थांबवतात, गाडी टायर थांबवतो. कितीही भारी कॅलिपर लावा, टायर घसरला की संपलं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३२१ असेल तर तो टायर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षीची कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण आपल्या पावसात ३ मिलिमीटरच्या खाली मी जात नाही. टायर बदलायची वेळ आलीच असेल तर बजेटचा मोठा वाटा इथेच जाऊ द्या. नसेल, तर गाडी थंड असताना हवा तपासा आणि पुढे चला.

कॅलिपरची साफसफाई

मुंबईत ही पायरी टाळू नका. पावसाळ्यात दोन दिवस गाडी उभी राहिली तरी डिस्कवर तांबूस थर येतो. तो पहिल्या दोन-तीन ब्रेकमध्ये निघतो, त्याची काळजी नको. काळजी करायची ती कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांची. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचं पाणी यांनी त्या जाम होतात. मग आतला पॅड झिजतो, बाहेरचा कोरा राहतो. पिना काढून पुसायच्या, ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावायचं. साध्या ग्रीसने पिनांवरचे रबरी बूट (आवरणं) फुगतात आणि पिन पुन्हा अडकते. मिस्त्री कोपऱ्यातल्या डब्यातलं पिवळं ग्रीस घेऊ लागला तर त्याला तिथेच थांबवा, वाईट दिसलं तरी चालेल.

ब्रेक ऑइल: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपेक्षित

माझं पेडल खाली गेलं ते याच्यामुळे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं आणि पाणी शोषलं की त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे दर्जे. नवं कोरं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर त्याची हमी फक्त १४० अंशांची. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. उकळल्यावर नळीत वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय खाली जातो आणि चाकापर्यंत जोर पोचतच नाही.

बहुतेक हॉट हॅचना डॉट ४ च सांगितलेलं असतं, झाकणावर बघा. साध्या वापराला चांगल्या कंपनीचं ताजं डॉट ४ पुरतं. घाट किंवा ट्रॅक नेहमीचा असेल तर डॉट ५.१ घ्या. ते डॉट ४ शी जुळतं, पण गाडीच्या पुस्तकात कमी चिकट ऑइल सांगितलं असेल तर बाटलीवर तेवढं तपासून घ्या. डॉट ५ हा निराळाच प्रकार आहे. ते सिलिकॉनचं असतं, डॉट ४ मध्ये मिसळत नाही, आणि एबीएसच्या गाडीत त्याचं काम नाही. नावात एका टिंबाचा फरक आहे, दुकानात नीट वाचून घ्या.

ऑइल बदलताना एक लिटर हाताशी ठेवा आणि बाटली सीलबंदच घ्या. गॅरेजात महिनाभर उघडी पडलेली बाटली म्हणजे आधीच पाणी प्यायलेलं ऑइल. उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीत सहसा मागचं डावं चाक सर्वांत लांब, म्हणून हवा काढायची सुरुवात तिथून. मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये क्रम वेगळा असेल तर तोच पाळा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी असलेलं निपल (हवा काढायचा स्क्रू) सैल करायचं, ऑइल पारदर्शक नळीतून बाटलीत सोडायचं, निपल घट्ट करायचं, मगच पेडल सोडायचं. बुडबुडे थांबून ऑइल स्वच्छ रंगाचं येईपर्यंत हेच. सगळ्यात मोठी चूक म्हणजे वरची टाकी रिकामी होऊ देणं. हवा एबीएसच्या युनिटमध्ये शिरली की ती काढायला बहुतेक वेळा स्कॅनर लागतो. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग उठतो.

हे घरी करायला जॅक स्टँड आणि सपाट जागा हवी. मुंबईच्या सोसायटीत जागा मिळाली तरी सेक्रेटरी खाली येतात. मी गॅरेजातच करून घेतो, पण शेजारी उभा राहून. काही शे रुपयांचं ऑइल आणि मजुरी, एवढ्यात माझं निम्मं दुखणं गेलं. पुढे दर दोन वर्षांनी, शक्यतो पावसाळा संपल्यावर.

पॅड

पॅडच्या कडेला बारीक अक्षरांत कोड छापलेला असतो. त्यात शेवटी बहुधा दोन अक्षरं येतात, एफएफ, जीएफ, जीजी अशी. पहिलं अक्षर साधारण तापमानातलं घर्षण सांगतं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. एफई दिसलं तर समजा, हा पॅड तापल्यावर ढेपाळणारा. रोज शहर आणि महिन्यातून एकदा घाट असेल तर दोन्ही अक्षरं एफ किंवा त्याहून वरची हवीत.

इथे माझा एक मूर्खपणा सांगतो. ऑइलनंतर उत्साहात मी ट्रॅकचे पॅड आणले. घाटात झकास! पण सकाळी सोसायटीच्या उतारावरून गेटपाशी येताना थंड पॅड पकडतच नव्हते आणि वॉचमनने दोनदा बाजूला उडी मारली. शिवाय प्रत्येक सिग्नलला लोकल स्टेशनात शिरल्यासारखी किंचाळी. महिन्याभरात काढून टाकले. ट्रॅकचा पॅड तापल्यावर चालतो, आणि मुंबईत तापायला वेळ कुठे मिळतो? रस्त्यासाठीच बनवलेले, पण कंपनीच्या पॅडपेक्षा एक पायरी वरचे पॅड घ्या. ईबीसी, फेरोडो यांच्याकडे असे प्रकार आहेत. तेही नको असेल तर टीआरडब्ल्यू, एटीई, बॉशसारख्या, गाड्यांच्या कंपन्यांना माल देणाऱ्या उत्पादकांचे पॅडसुद्धा अज्ञात डबीतल्या ‘परफॉर्मन्स’ पॅडपेक्षा कधीही बरे.

ऑपेरा हाउसच्या स्पेअरच्या गल्ल्यांत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भाव चांगला मिळतो, पण नकली मालही तिथेच फिरतो. बिल घ्या, खोक्यावरचा आणि पॅडवरचा नंबर जुळवा. वापरलेले कॅलिपर एकवेळ रिपेअर किट घालून चालतात. वापरलेले पॅड आणि नळ्या फुकट मिळाल्या तरी नकोत.

पॅड नेहमी एकाच ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना एकदम बदला. काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा. हे विसरून गॅरेजच्या भिंतीला गाडी टेकवणारे मी पाहिलेत.

पॅड रुळवणं

नव्या पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा चढावा लागतो. रविवारी पहाटे मोकळा रस्ता शोधा, मागे कोणी नाही हे आरशात बघा. ताशी ६० वरून १० पर्यंत ठाम ब्रेक, पण पूर्ण थांबायचं नाही. असं आठ-दहा वेळा, मध्ये थोडी गाडी पळवत. वास येईल, घाबरू नका. नंतर पाच-सात मिनिटं ब्रेक न लावता चालवत ठेवा. पॅडच्या खोक्यात वेगळी पद्धत दिली असेल तर तिच्याप्रमाणे करा.

डिस्क आणि नळ्या

डिस्कच्या कडेला किंवा मधल्या भागावर ‘मिन टीएच’ असं कोरून पुढे किमान जाडी दिलेली असते. व्हर्नियरने मोजा. त्याच्या जवळ आली असेल तर नवी साधी डिस्क लावा, कंपनीच्याच मापाची. भोकं पाडलेल्या डिस्क दिसतात छान, पण सतत तापल्या की त्या भोकांपासूनच तडे जातात.

स्टीलच्या जाळीच्या नळ्यांनी पेडल थोडं कडक लागतं, कारण रबरी नळी दाबाने किंचित फुगते. थांबण्याचं अंतर त्याने फारसं बदलत नाही. जुन्या रबराला भेगा असतील तर कंपनीच्याच नव्या नळ्या पुरेत. हौस असेल तरच जाळी, तीही प्रमाणित.

इथे पैसे घालू नका

मागचे ड्रम काढून डिस्क लावायचा मोह होतो. ब्रेक मारल्यावर वजन पुढे येतं आणि सुमारे सत्तर टक्के काम पुढचेच ब्रेक करतात. पुढचा-मागचा तोल आणि एबीएसचं गणित कंपनीने ड्रम धरूनच बसवलंय, ते बिघडवून मिळणार काय? मोठ्या कॅलिपरच्या किटचंही तेच, शिवाय रिम मोठं घ्यावं लागतं. कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ वैशिष्ट्यांत परवानगीशिवाय बदल करू देत नाही, आणि कलम १८२अ प्रमाणे प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर आधी तिथेच बघेल.

सगळं झालं की एकदा घाट उतरून या, पण खालच्या गिअरमध्ये. डीएसजी (फोक्सवॅगनचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर गिअर हाताने पाडा, इंजिनाला गाडी धरू द्या, आणि ब्रेक पूर्ण उताराभर घासत ठेवण्याऐवजी वळणाआधी ठाम लावून सोडा. खाली आल्या आल्या खोपोलीत वडापावसाठी थांबून पेडलवर पाय दाबून बसू नका. तापलेला पॅड एकाच जागी डिस्कला चिकटून राहिला की तिथे डाग पडतो आणि मग स्टिअरिंग थरथरतं. दोन-तीन किलोमीटर तसेच पुढे जा, ब्रेक वाऱ्याने निवू द्या, मग हँडब्रेकऐवजी गाडी गिअरमध्ये (डीएसजी असेल तर ‘पी’वर) ठेवून उतरा.