ऑनलाइन प्रशिक्षणावर संशोधन करताय? चौकट निवडताना माझी झाली ती फजिती टाळा

जावळी तालुक्यातल्या दोनशिक्षकी शाळेत शिकवता शिकवता मी पीएचडी केली. विषय होता, शिक्षक फोनवर जी ऑनलाइन प्रशिक्षणं करतात त्यांचं वर्गात पुढं काय होतं. २०२० च्या ऑक्टोबरात शिक्षकांसाठीचं सरकारी ‘निष्ठा’ प्रशिक्षण ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन मंचावर आलं आणि शिकवणारे आम्ही एका रात्रीत शिकणारे झालो. विषय डोळ्यांसमोर होता. पण सैद्धांतिक चौकट, म्हणजे ज्या सिद्धांताच्या चष्म्यातून विषयाकडं बघायचं तो, निवडण्यात माझं जवळजवळ वर्ष गेलं, म्हणून हे लिहिते आहे.

माझी पहिली चूक म्हणजे चौकट आधी उचलली. जुन्या प्रबंधात फ्रेड डेव्हिस यांचं १९८९ चं तंत्रज्ञान स्वीकृती प्रतिमान दिसलं, सोबत तयार प्रश्नावलीही. म्हटलं, बरं झालं. हे उपयोगी वाटतं का आणि वापरायला सोपं वाटतं का, या दोन गोष्टींवरून माणूस तंत्रज्ञान स्वीकारेल का ते ठरतं, असा त्याचा गाभा. आमच्या केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) वीस शिक्षकांकडून प्रश्नावली भरून घेतली, तर सगळीकडं ‘पूर्णतः सहमत’. कोर्स सक्तीचा असताना दुसरं काय येणार? एका बाईंनी नंतर खरं सांगितलं, “मोबाईल कट्ट्यावर लावून ठेवायचे. भाकरी होईस्तोवर एक व्हिडिओ संपायचा.” चाचणीची उत्तरं ग्रुपवर फिरायची ती वेगळीच. यात डेव्हिस यांचा दोष नाही. वापर सक्तीचा असला की वरिष्ठांच्या अपेक्षेचं वजन पडतं, हे वेंकटेश आणि डेव्हिस यांनी २००० साली त्याच प्रतिमानाचा विस्तार करताना मांडलंच होतं. मी तेवढं वाचलं नव्हतं.

तर पहिलं काम हे करा. तुमचा प्रश्न साताऱ्याच्या स्टँडवर मेढ्याच्या एसटीची वाट बघताना मैत्रिणीला सांगाल तसा कच्च्या वहीत लिहा. ‘परिणामकारकता’, ‘अभ्यासणे’ असले शब्द नकोत. माझं वाक्य असं उतरलं: “एवढे कोर्स करून काही जणांचा वर्ग बदलतो आणि बाकीच्यांचा तसाच राहतो, असं का?”

आता त्या वाक्यातलं क्रियापद शोधा. चौकट त्याच्यातच लपलेली असते. ‘वापरतात का’ असेल तर डेव्हिस यांच्या घराण्यातलं काहीतरी. मोठी माणसं ‘शिकतात कशी’ असेल तर माल्कम नोल्स यांचं प्रौढ अध्ययनशास्त्र. ‘एकमेकांकडून काय घेतात’ असेल तर लेव्ह आणि वेंगर, म्हणजे काम करणाऱ्यांच्यात राहून माणूस शिकतो ही मांडणी. प्रशिक्षणच ‘कसं असायला हवं’ असेल, तर डेसिमोन यांनी २००९ मध्ये मांडलेली पाच वैशिष्ट्यं पाहा: आशयावर भर, सक्रिय अध्ययन, सुसंगती, पुरेसा कालावधी आणि एकत्रित सहभाग. माझं क्रियापद ‘बदलणं’ होतं, आणि मी वीस जणांना ‘वापरण्या’बद्दल विचारून आले होते!

नाव सापडलं म्हणून लगेच टंकायला बसू नका. ती चौकट कुठल्या मातीत रुजली ते बघा. गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांची २००० सालची शोधक समुदायाची चौकट मला फार आवडली होती. ऑनलाइन शिकताना संज्ञानात्मक, सामाजिक आणि अध्यापनविषयक अशा तीन उपस्थिती लागतात, म्हणजे विचार, माणसांचा सहवास आणि शिकवणाऱ्याची साथ. वाचतानाच पटतं. पण ती उभी राहिली उच्च शिक्षणातल्या संगणकावरच्या लेखी चर्चांवर. आमच्याकडं व्हिडिओ आधीच भरलेला, समोर कुणी नाही, प्रश्न विचारायचा तर कुणाला? जी चर्चा व्हायची ती महिन्याच्या शिक्षण परिषदेत, चहाच्या वेळी. लेव्ह आणि वेंगर यांच्या १९९१ च्या मांडणीत पश्चिम आफ्रिकेतले शिंपी आहेत, कडेला बसून काम बघत बघत कारागीर होणारे. शिंप्याचं दुकान आणि आमचा व्हॉट्सॲप ग्रुप यात साम्य आहे का, हा प्रश्न स्वतःला विचारावाच लागतो. माझ्या ग्रुपवर बहुतेक परिपत्रकं आणि शुभ सकाळ. नोल्स यांचा प्रौढ स्वतःहून शिकायला निघालेला असतो, आमचा प्रौढ आदेश आला म्हणून. ही तफावतच तुमचा विषय असेल तर नोल्स जरूर घ्या, नाहीतर ओढूनताणून बसवू नका.

शेवटी मी शिक्षक कसा बदलतो याचं प्रतिमान मांडणाऱ्या थॉमस गस्की यांच्याकडं आले. माणसाची समजूत आधी बदलते आणि मग वर्ग, असं आपण धरून चालतो. गस्की क्रम फिरवतात: शिक्षक आधी काहीतरी करून बघतो, मुलांमध्ये फरक दिसतो, मग त्याची धारणा बदलते. हे वाचलं आणि बामणोलीकडच्या एका गुरुजींची मुलाखत आठवली. ते म्हणाले होते, “कोर्स बोगस वाटला होता. पण त्यातला एक खेळ घेतला आणि गप्प बसणारी पोरगी वाचायला लागली. तेव्हा म्हटलं, काहीतरी आहे यात.” त्यांनी गस्की वाचलेले नव्हते. चौकट अशी भेटायला हवी, तुम्ही गोळा केलेल्या माहितीतल्या सगळ्यात अवघड माणसाला तिच्यात जागा मिळाली पाहिजे.

तरी एक कसोटी घ्याच. वहीत तीन रकाने पाडा: संशोधन प्रश्न, चौकटीतली संकल्पना, आणि मुलाखतीत किंवा वर्गनिरीक्षणात ती पकडणारा नेमका प्रश्न. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ती संकल्पना नुसती शोभेची आहे, काढून टाका. मी अशा चार काढल्या.

दोन चौकटी जोडायचा मोह प्रत्येकाला होतो. जोडायच्याच असतील तर दुसरी काय सांगते जे पहिलीला सांगता येत नाही, ते एका वाक्यात लिहून बघा. मला नाही जमलं, मी एकीवर थांबले.

आणि नाकारलेल्या चौकटींवर प्रबंधात दोन पानं ठेवा. माझ्या गाईड म्हणाल्या होत्या, “कशाला वाढवतेस?” पण व्हायवात बाहेरून आलेल्या परीक्षकांचा पहिलाच प्रश्न होता, “स्वीकृती प्रतिमान का नाही घेतलं?” मी त्यांना भाकरीची गोष्ट सांगितली.