हवामान बदलावर वाद घालताना पक्ष आधी बघताय? या चुका टाळा

गोव्यात पक्षावरून माणसाचं मत ओळखायला गेलात तर फसाल. 2019 च्या जुलैत काँग्रेसचे 10 आमदार एका दमात भाजपमध्ये गेले, 2022 च्या सप्टेंबरात आणखी 8. म्हादई नदीचं तर विचारूच नका. याच दोन पक्षांचे पुढारी सीमेच्या अलीकडे म्हादईसाठी गळा काढतात आणि पलीकडे, कर्नाटकात, तिचं पाणी वळवणारा कळसा-भांडुरा प्रकल्प आम्हीच पूर्ण करणार म्हणून एकमेकांवर कुरघोडी करतात. इतकं डोळ्यांसमोर असूनही हवामान बदलाचा विषय निघाला की आपला पहिला प्रश्न असतो, बोलतोय कोण? खाणवाला की आंदोलनवाला? ते कळलं की पुढचं ऐकायची गरजच उरत नाही. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

काय झालं, का झालं, काय करायचं: तिन्हींची सरमिसळ

जुलै 2021 चा पूर आठवा. सत्तरी, डिचोली, फोंड्यात पाणी शिरलं, घरं कोसळली. 1982 नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असं खुद्द मुख्यमंत्री म्हणाले. मग चर्चेत दोन तट पडले. एकाचं म्हणणं, 'हा हवामान बदल, त्याला कोण काय करणार?' दुसऱ्याचं, 'हवामान बदल हे निमित्त, डोंगर कापले त्याचं हे फळ.' पहिलं वाक्य सत्तेत असलेल्याला सोयीचं, दुसरं विरोधकाला. पण दोन्ही कारणं एकाच पुरात असू शकतात. हवा 1 अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवायची क्षमता साधारण 7 टक्क्यांनी वाढते. हे भौतिकशास्त्र, सरकार बदललं म्हणून ते बदलत नाही. पडलेल्या पाण्याला वाट का मिळाली नाही, हा मात्र नदीकाठच्या बांधकामांचा, गाळाचा, डोंगरकापणीचा प्रश्न. त्याचा जाब पंचायतीपासून नगरनियोजन खात्यापर्यंत ज्याला त्याला विचारावाच लागतो.

काय करायचं, पैसा कोणी घालायचा, कोणाची रोजीरोटी जाणार, हा तिसरा प्रश्न. इथे राजकारण हवंच, त्यासाठीच ते असतं. घोळ होतो तो तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पसंत नाही म्हणून पहिल्याचं उत्तर खोटं ठरवण्यात. इंजेक्शन नको म्हणून 'मला ताप नाहीच' म्हणणाऱ्या पोरासारखं ते होतं.

पर्यावरण म्हणजे डाव्यांचं खूळ, असं समजणाऱ्यांनी ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना आठवावं. खुल्या बाजाराच्या कट्टर पुरस्कर्त्या, डाव्यांशी उभा दावा. पण रसायनशास्त्र शिकलेल्या या बाईंनी 1989 मध्ये संयुक्त राष्ट्रांत हवामान बदलावर सरळ इशारा दिला होता. आपल्याकडे 2008 ची राष्ट्रीय कृती योजना मनमोहन सिंग सरकारची, 2015 च्या पॅरिस करारात उतरलं ते मोदी सरकार. भूमिकेचा गाभा तोच राहिला: ज्यांनी आजवर जास्त धूर सोडला त्यांनी जास्त भार उचलावा.

'तू असं बोलणारच' म्हणून सुरुवात

चतुर्थीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधून झाली की घरोघर पडवीत जे चालतं ते असं. मामाचे दोन टिपर खाणीवर होते. 2012 ला खाणी थांबल्या, पुन्हा कुठे सुरू होतात तोवर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्टे रद्द ठरवले. टिपर दारात उभे, बँकेचे हप्ते चालू. भाचा पुण्याला शिकतो.

'मामा, खाणीवर जगलात तुम्ही. तुम्हाला हवामान बदल कसा पटणार?'

'आणि तू एसीत बसून मोबाईलवर झाडं वाचव.'

संपला विषय. आता मामी पातोळ्या घेऊन येईपर्यंत कोणी कोणाकडे बघणार नाही.

समोरच्याचा स्वार्थ दिसला तर त्याचं म्हणणं दोनदा तपासावं, हे ठीक. पण स्वार्थ असला म्हणून म्हणणं खोटं ठरत नाही, आणि नसला म्हणून खरंही ठरत नाही. भाच्याने विचारायला हवं होतं, 'मामा, काजूचा मोहोर अलीकडे कसा येतो?' मामा बागायतदारही आहे. ढगाळ हवा, अवेळी पाऊस, गळणारा मोहोर यावर तो अर्धा तास बोलेल. अर्थात मामाची आठवण म्हणजे नोंद नव्हे. पणजीत आल्तिनोच्या वेधशाळेकडे पावसा-तापमानाच्या नोंदी असतात, त्यांच्याशी ती ताडून बघायची. खाणी सुरू व्हाव्यात की नाही यावर दोघांचं पटणार नाही, आणि पटायलाच हवं असंही नाही. पण मामाचं म्हणणं भाच्याने असं मांडून दाखवावं की मामाच म्हणेल, 'हां, हेच म्हणतोय मी.' तोवर खोडून काढायला घेऊ नये.

धूळ आणि कार्बन एकाच पोत्यात

ही चूक पर्यावरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांकडून जास्त होते, म्हणून जरा थांबून बघू. मुरगाव बंदरातला कोळसा हा वास्कोवाल्यांच्या खिडक्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारा प्रश्न आहे. मोलेच्या जंगलातून रेल्वेचा दुपदरी मार्ग नको, यामागे जंगल आणि वन्यजीव होते. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची वन्यजीव मंडळाची परवानगी रद्द केली. दोन्ही लढ्यांची कारणं स्वतःच्या पायावर भक्कम उभी आहेत. पण त्यांना सरसकट 'हवामान बदलाविरुद्धची लढाई' म्हटलं की समोरचा बिनतोड सवाल टाकतो: तोच कोळसा दुसऱ्या बंदरातून त्याच पोलाद कारखान्यात गेला, तर कार्बन डायऑक्साइड कमी होईल का? होणार नाही. वास्कोची हवा सुधारेल, जगाची तशीच राहील. धुळीची लढाई धुळीच्या नावानेच लढावी. उधारीच्या मुद्द्याने ती दुबळी होते.

सोयीचा आकडा उचलणे

भारत कार्बन सोडण्यात जगात तिसरा, हे खरं. भारतात दरडोई कार्बन डायऑक्साइड सुमारे 2 टन आणि अमेरिकेत त्याच्या सहापटीहून जास्त, हेही खरं. एका गटाच्या फॉरवर्डमध्ये पहिला आकडा असतो, दुसऱ्याच्या फॉरवर्डमध्ये दुसरा. एक आकडा दिसला की दुसरा शोधायचा, एवढी सवय लावून घेतली तरी निम्मी भांडणं टळतात.

2050 मध्ये पणजी बुडाल्याचे निळे नकाशेही असेच फिरतात. नकाशात तापमान किती वाढलेलं धरलंय, भरतीची पातळी धरलीय का, बांध धरलेत का, हे लिहिलेलं नसेल तर पुढे पाठवू नका. आणि असा एक नकाशा फसवा निघाला म्हणून समुद्र चढतच नाही, असंही म्हणू नका.

मत कशाने बदलेल हेच ठरवलेलं नसणं

'सगळा सूर्याचा खेळ' म्हणणाऱ्याला विचारा, तसं असतं तर काय दिसलं असतं? सूर्यच जास्त तापवत असता तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. मोजमापांत तो थंड होताना दिसतो आणि खालचा तापतो. हरितगृह वायूंमुळे नेमकं हेच व्हायला हवं. हाच प्रश्न उलट्या बाजूलाही लावा. यंदा पाऊस लवकर आला तरी हवामान बदल, उशिरा आला तरी हवामान बदल, असं असेल तर तुमचं म्हणणं तपासायचं कशाने?

एकच गुन्हेगार शोधणे

खाजन जमिनींचं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या भातशेतांचं बघा. भरती चढली की मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणदाराची, लाकडी दारं पाण्याच्या दाबाने मिटतात, ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. मानशीतल्या मासेमारीचा लिलाव होतो. लिलाव घेणाऱ्याला नुस्तं, म्हणजे मासळी हवी, ते खाऱ्या पाण्याबरोबर आत येतं. दार जरा अडकवून ठेवलं की त्याचं फावतं आणि कुळाचं भात करपतं. त्यात बार्जच्या लाटांनी नदीकाठचे बांध खचतात, कसणारे कमी झाल्याने डागडुजी राहून जाते. आणि जगभरात समुद्राची सरासरी पातळी 1901 ते 2018 दरम्यान सुमारे 20 सेंटिमीटर चढली आहे. अलीकडे ती वर्षाला 3 मिलिमीटरहून जास्त वेगाने चढते.

बांध फुटला की ग्रामसभेत एक जण समुद्राला दोष देतो, दुसरा लिलाववाल्याला, तिसरा सरकारला, आणि कोण कोणत्या पंचाच्या गटातला हे सगळ्यांना ठाऊक असतं. 'हवामान बदल रोखा' असा ठराव घेऊन काही हाती लागत नाही. बांधाची उंची शेवटची कधी मोजली, लिलावाच्या पैशातला किती दुरुस्तीला गेला, मोठ्या भरतीच्या रात्री दार कोण तपासतो, हे विचारा. उत्तरं नाव-तारखेसह इतिवृत्तात लिहून घ्या आणि पुढच्या ग्रामसभेत तेच पान आधी वाचायला लावा.