इलेक्ट्रिक ट्रकमागे ट्रेलर कसा न्यावा: डिलिव्हरीच्या आधीची तयारी आणि चार्जिंगचा हिशेब

इलेक्ट्रिक पिकअप ट्रक बुक केला की जो तो विचारतो, "किती पौंड ओढतो?" त्याचं उत्तर सोपं आहे. फोर्डचा एफ-१५० लाइटनिंग योग्य पॅकेजसह १०,००० पौंड ओढतो, रिव्हियन आर१टी आणि सायबरट्रक ११,००० पौंड. हे आकडे खरे आहेत आणि चढावर ट्रक जराही दमत नाही. अडतं ते ऐंशी-नव्वद मैलांनंतर. पुढच्या चार्जरपर्यंत पुरेल एवढी वीज आहे का, आणि तिथे ट्रेलरसकट उभं राहायला जागा आहे का, हे दोन प्रश्न सोडवता आले तर बाकी सगळं जमतं. मी कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोजवळ ईस्ट बेमध्ये राहतो आणि तीन वर्षं २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे चाकांवरची खोली, इलेक्ट्रिक ट्रकने नेतोय. पौंडांच्या आकड्यावर खरेदी करून पहिल्याच सहलीत हिरमुसलेली बरीच माणसं मी पाहिली आहेत.

डिलिव्हरी येईपर्यंत

वाट पाहावी लागते, हे धरूनच चाला. लाइटनिंगचं बुकिंग मे २०२१ मध्ये सुरू झालं आणि पहिले ट्रक मे २०२२ मध्ये गिऱ्हाइकांच्या हातात पडले. सायबरट्रक नोव्हेंबर २०१९ मध्ये दाखवला गेला आणि नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस द्यायला सुरुवात झाली. म्हणून डिलिव्हरीच्या तारखेवर विसंबून जुना ट्रक आधी विकू नका आणि कॅम्पग्राउंडचं बुकिंगही करू नका. टो पॅकेज, म्हणजे ट्रेलर ओढायची जोडणी, ऑर्डरमध्येच मागून घ्या; काही ट्रकना ते नंतर बसवता येत नाही. घरी २४० व्होल्टची लाइन ओढून घ्या, परमिट काढून, लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून.

या काळात करायचं सगळ्यांत मोलाचं काम मात्र वेगळंच आहे. जुन्या ट्रकला ट्रेलर जोडा, सोडा, पुन्हा जोडा. हातात घड्याळ घेऊन, दर शनिवारी. का ते पुढे सांगतो.

ट्रेलर घेऊन कॅट स्केलवरही जाऊन या. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर हा वजनकाटा असतो. पाण्याची टाकी, भांडी, सायकली, सगळं भरून वजन करा. ब्रोशरमधलं वजन रिकाम्या ट्रेलरचं असतं. माझा ४,९०० पौंडांचा ट्रेलर भरल्यावर ६,००० निघाला.

वजन

ट्रेलरचं टोक हिचवर, म्हणजे ट्रकच्या मागच्या जोडणीवर, जे वजन टाकतं त्याला टंग वेट म्हणतात. ते भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के हवं. मागे जास्त माल भरला की बैलगाडी जशी उलार होते, तसाच ट्रेलरही उलार होतो. फरक एवढाच की इथे तो ताशी ५५ मैलांनी धावत असताना डुलायला लागतो आणि ट्रकला सोबत खेचतो. जड सामान ट्रेलरच्या पुढच्या चाकाच्या जरा पुढे ठेवा. माझ्या ६,००० पौंडांवर टंग वेट ७५० येतं. ते ट्रकच्या पेलोडमधून, म्हणजे ट्रक स्वतःवर वाहू शकतो त्या वजनातून, वजा होतं, आणि बॅटरीच्या ओझ्यामुळे या ट्रकचं पेलोड मुळातच बेताचं असतं. ड्रायव्हरच्या दारातल्या पिवळ्या स्टिकरवरचा आकडा वाचा, त्यातून ७५० आणि घरातल्या चार माणसांचं वजन वजा करा. उरेल तेवढंच सामान ट्रकमध्ये.

हिचवरच्या बॉलचा साइज, ट्रेलरच्या दिव्यांचा ७ पिनचा प्लग, ट्रेलरचे ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर या गोष्टी पेट्रोलच्या ट्रकसारख्याच आहेत.

आता खरं काम: चार्जिंगचा हिशेब

इथेच मी पहिल्या वर्षी फसलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

"ट्रेलर लावला की रेंज निम्मी होते" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. अंदाज म्हणून ठीक आहे, पण त्यावर प्रवास बेतू नका. बॅटरी खातो तो ट्रेलरचा चौकोनी, सपाट चेहरा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५५ ऐवजी ७० मैलांनी गेलात तर तो ६२ टक्क्यांनी वाढतो. ५५ ने जाताना समोरून १५ मैलांचा वारा आला तरी हवेच्या दृष्टीने तुम्ही ७० नेच चाललेले असता. कॅलिफोर्नियात ट्रेलर लावल्यावर वेगाची मर्यादा ५५ आहे. ती पाळा. पोलीस दिसो न दिसो, तुमची बॅटरी तो वेग मोजत असते.

म्हणून स्वतःचा आकडा काढा. सपाट रस्त्यावर, भरलेला ट्रेलर घेऊन, ३० मैल जा आणि त्याच रस्त्याने ३० मैल परत या. वारा दोन्ही बाजूंनी मिळतो आणि बराचसा हिशेबातून बाहेर पडतो. एका युनिटमध्ये किती मैल गेलात ते लिहून ठेवा. युनिट म्हणजे लाइट बिलावर असतं तेच, किलोवॅट-तास. एरवी माझा ट्रक एका युनिटमध्ये २ मैलांच्या वर जातो, ट्रेलरसकट १.०५. नव्या ट्रकच्या पडद्यावर दिसणाऱ्या रेंजवर सुरुवातीला विश्वास ठेवू नका, कारण ती तुमच्या रोजच्या, ट्रेलरविना ड्रायव्हिंगवरून काढलेली असते. ट्रकमध्ये ट्रेलरची लांबी-वजन भरायची सोय असेल तर भरा आणि वीसेक मैल गेल्यावरच तो आकडा पाहा.

बॅटरी १३० युनिटची असली तरी हायवेवर हाताशी असतात साधारण ९०. फास्ट चार्जर ८० टक्क्यांनंतर रेंगाळतो आणि १० टक्क्यांखाली मी जाऊ देत नाही. ९० युनिट म्हणजे माझे ९५ मैल. मी ८० मैलांचे टप्पे आखतो आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी जवळपास दुसरा चार्जर आहे ना ते पाहून ठेवतो. पहिला बंद निघतो, हे इतक्या वेळा झालंय की आता मी तो बंदच आहे असं धरून चालतो.

चढ वेगळा धरावा लागतो. आमची नेहमीची वाट आय-८० हायवेवरून डोंगरातल्या टाहो सरोवराची. ऑबर्न १,२०० फुटांवर आणि डॉनर समिट ७,२३९ फुटांवर, मध्ये साधारण ५७ मैल. ट्रक, ट्रेलर, माणसं मिळून ६,००० किलो. एवढं ओझं ६,००० फूट वर उचलायला निव्वळ ३० युनिट लागतात, मोटरमधला तोटा धरून ३३. सपाटीच्या हिशेबाने ५७ मैलांना ५४. एकूण ८७. म्हणून ऑबर्नच्या आसपास थांबून ८० टक्क्यांवर समाधान मानायचं नाही, रेंगाळणारा चार्जर सोसून ९० पर्यंत भरायचं. मग माथ्यावर २३ टक्के उरतात. हे गणित घरी कागदावर करा. घाटात मागून ट्रक हॉर्न देत असताना ते सुचत नाही.

वाऱ्याने मला धडा दिला तो परतीच्या वाटेवर. जुलैतला रविवार होता, दुपार कलली होती. उन्हाळ्यात खाडीकडून सॅक्रामेंटोच्या दिशेने डेल्टाचा गार वारा सुटतो आणि व्हॅकाव्हिल-फेअरफील्डच्या पट्ट्यात घरी परतणाऱ्याच्या थेट तोंडावर येतो. सकाळी पुरली असती एवढी वीज त्या दुपारी पुरेना. चार्जरवर पोचलो तेव्हा ६ टक्के. चार्जर चार, चारही कर्बमध्ये बसवलेले, ट्रेलर शिरणं अशक्य. शेजारच्या सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये घाईघाईने ट्रेलर सोडायला घेतला आणि चाकांना पाचरी लावायला विसरलो. कप्लर, म्हणजे ट्रेलरच्या टोकाची वाटी, बॉलवरून सुटला तसा ट्रेलर सरकला. ट्रेलरचं टोक उचलणाऱ्या जॅकचा पाय डांबरावर खरवडत गेला, तो आवाज अजून कानात आहे. दोन फुटांवर थांबला. माझा नऊ वर्षांचा मुलगा जॅकचं हँडल धरून बाजूलाच उभा होता.

त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे: पाचरी लावल्याशिवाय कप्लरला हात लावायचा नाही, आणि पाचरी लावल्या हे लावणाऱ्याने मोठ्याने सांगायचं. मुलं ट्रकमध्ये बसलेली. ट्रेलरच्या दोन्ही बाजूंच्या चाकांना, पुढून आणि मागून पाचरी. मग जॅकखाली लाकडी ठोकळा, कप्लरची खीळ, जॅक उचलणं, प्लग, साखळ्या, शेवटी ब्रेकअवेची केबल (वाटेत ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी). टोकाचं वजन बारांनी ट्रकच्या सगळ्या चाकांवर वाटणारा हिच असेल तर जॅकने टोक उचलून त्याचे बार आधी सैल करा. ताणलेला बार सुटला तर हाड मोडतो. जोडताना हेच उलट, आणि खीळ बसल्यावर जॅकने टोक थोडं वर घ्या. ट्रकची मागची बाजू सोबत उचलली गेली तर कप्लर पक्का बसलाय. साखळ्या खालून एकमेकींवर फुलीसारख्या.

सुरुवातीला मला या सगळ्याला २५ मिनिटं लागायची. आता सोडायला ६ आणि जोडायला ८ लागतात. डिलिव्हरीच्या आधी सराव करा म्हणालो तो यासाठी. सोडणं हाताखालचं झालं की कुठलाही चार्जर चालतो. नसेल तर ट्रेलरसकट उभं राहता येणारे मोजके चार्जर शोधत तुम्ही अर्धी सहल घालवता.

काही जण सांगतात, ट्रेलर जोडलेलाच ठेवा आणि तीन-चार चार्जरसमोर आडवं उभं राहा. हे करू नका. तिथे दुसऱ्या कुणाचेही ६ टक्के उरलेले असू शकतात. आरपार जाता येणारा चार्जर मिळाला तर उत्तम. नाही तर चार्जरच्या आवाराचा सॅटेलाइट नकाशा आदल्या रात्री पाहा: आत शिरायचा रस्ता कुठला, बाहेर पडायचा कुठला, ट्रेलर ठेवायला शेजारी सपाट जागा आहे का. चार्जिंगचं तोंड काही ट्रकना पुढे डावीकडे, तर काहींना मागे असतं आणि टेस्लाच्या बऱ्याच सुपरचार्जरची केबल आखूड असते, म्हणून कुठल्या बाजूने उभं राहायचं तेही ठरवा. फोर्ड आणि रिव्हियनना ते सुपरचार्जर २०२४ पासून खुले आहेत, पण सगळे नाहीत आणि बऱ्याच ट्रकना अडॅप्टर लागतो. अडॅप्टर ट्रकच्या कंपनीचाच घ्या.

आणि टाहोहून परतताना सकाळी निघा.

मुक्कामी

कॅम्पग्राउंडवर ५० अँपिअरचं सॉकेट असलेली जागा मागा. ३२ अँपिअरने चार्ज केलं तर तासाला साडेसात युनिटांच्या वर मिळतात आणि रात्रीत बॅटरीचा मोठा भाग भरतो. ३० अँपिअरच्या साध्या सॉकेटवर रात्रभरात तीसही मिळत नाहीत. ऑफिसात आधी फोन करून ट्रक चार्ज करायची परवानगी विचारा. वायरिंग जुनं असतं, म्हणून अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहा. हात ठेवता येणार नाही इतका तापला असेल तर चार्जिंग थांबवा.

उतार

उतारावर मोटर ब्रेकचं काम करते आणि गेलेली वीज थोडी परत येते, पण बॅटरीत जागा असेल तरच. भरलेल्या बॅटरीत ती वीज मावत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. डॉनरपलीकडच्या ट्रकी गावाहून निघालात तर आधी डॉनरचा १,४०० फुटांचा चढ आहे, तिथे ९५ टक्के भरलेलं चालतं. माथ्यावरच मुक्काम असेल तर सकाळी ८५ वर चार्जिंग थांबवा. एक-पेडल मोडमध्ये, म्हणजे पाय उचलला की मोटरच ब्रेक लावते तेव्हा, ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम काढू नका. ट्रक झटकन मंदावतो आणि ट्रेलर मागून ढकलतो. ट्रेलर डुलायला लागलाच तर ट्रकचा ब्रेक दाबू नका. पाय हळूहळू सैल करा, स्टिअरिंग सरळ धरा आणि ट्रेलरचा ब्रेक कंट्रोलरवरून हाताने लावा. तो बोटाने कुठे चाचपडायचा, हे घरासमोर उभं असतानाच पाठ करून ठेवा.