बडोद्याचा पूर: आभाळ बघून ठरवणाऱ्यांच्या चुका

दर पावसाळ्यात सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहितंच: "पाऊस तर थांबलाय, आता गाड्या कशाला हलवायच्या?" खाली दहा-बारा अंगठे पडतात. बडोद्यात जन्म काढलेली माणसं हे लिहितात, याचंच मला नवल वाटतं.

शहरातून वाहणारी विश्वामित्री नदी पावागढच्या डोंगरातून येते. त्या बाजूचा पाऊस आणि आजवा सरोवरातून सुटणारं पाणी शहरात पोचायला काही तास जातात. तेवढ्या वेळात शहरातल्या रावपुऱ्यात ऊनही पडलेलं असतं. शिवाय नदी तुडुंब भरली की शहरातल्या कांसांचं, म्हणजे पावसाचं पाणी नेणाऱ्या नाल्यांचं, पाणी तिच्यात उतरतच नाही. उलट नदीच कांसातून मागे फिरते आणि नदीकाठ जन्मात न पाहिलेल्या सोसायटीत शिरते. 31 जुलै 2019 ला एका दिवसात 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. हवामान खात्याचा सगळ्यात वरचा वर्ग 204.4 मिलिमीटरनंतर सुरू होतो, यावरून काय ते समजा. तेव्हापासून लोकांच्या डोक्यात बसलं की पूर म्हणजे डोक्यावर धो धो पाऊस. ऑगस्ट 2024 ला पाऊस मंदावला तरी नदी 35 फुटांच्या वर होती. धोक्याची खूण 25 फुटांची.

आमच्या समा भागातले एक काका त्या जन्माष्टमीनंतर "उघडलं बुवा" म्हणून निवांत झोपले. पाणी दारातून आलंच नाही. मध्यरात्री कमोड गुडगुडायला लागला, मग मोरीच्या जाळीतून काळं पाणी वर आलं, आणि दाराला लावलेल्या फळ्या आणि गोणपाट कोरडेच राहिले. सकाळी तळमजल्याचं फ्रीज आडवं तरंगत होतं. वाळूची पोती दाराशी रचणारे सगळे हीच चूक करतात. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत वाळू भरून, तोंड घट्ट बांधून ती कमोडमध्ये आणि मोरीच्या जाळीवर दाबून ठेवा. दाराचं नंतर बघा.

माझी सवय सांगतो. महापालिका आजवा आणि प्रतापपुरा या सरोवरांच्या आणि काळाघोडा पुलापाशी नदीच्या पातळ्या जाहीर करते. त्या मी कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहीत जातो. नुसता आकडा पाहून काही कळत नाही, मागच्यापेक्षा किती चढला ते बघायचं. काळाघोड्याला चढ सुरू असेल तर आभाळ निळंशार असलं तरी गाडी उंचावर. फतेगंज पुलावर उभं राहून व्हिडिओ काढणाऱ्यांना पुराचा अंदाज येतो, असं माझ्या पाहण्यात नाही.

आता गाडी. माझा मावसभाऊ अकोट्याला राहतो. बेसमेंटमधलं पाणी ओसरल्यावर घरच्यांनी "टोइंगवाला येतोय, थांब" म्हणून बजावलं होतं. पण हा उतावळा. "नुसती चालू होते का बघतो" म्हणत त्याने किल्ली फिरवली. एक ठोका ऐकू आला, मग काहीच नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर जायला गेला की कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. इंजिन उघडावं लागलं. विमावाल्यांनी विचारलं, पाण्यानंतर चालू केली होती का? पॉलिसीत इंजिनाचं वेगळं संरक्षण नव्हतं, मग खर्च खिशातून. पाण्यात बुडालेल्या गाडीला किल्ली लावायची नाही, बटणही दाबायचं नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, फोटो काढा, उचलून न्या. यूट्यूबवर "दहा मिनिटांत गाडी सुकवा" शिकवणारे तुमचं बिल भरायला येणार नाहीत.

मेन स्विच पाणी यायच्या आधी, कोरड्या हातांनी पाडायचा. लोक मेन पाडतात आणि इन्व्हर्टर विसरतात. तो खालच्या सॉकेटना वीज देत राहतो.

जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी शिरलं असेल तर तुरटी फिरवून भागत नाही. पूर्ण उपसा, घासा, ब्लीचिंग टाका, आणि पिण्याचं पाणी तरीही उकळा.

पायाला जखम असेल तर पुराच्या पाण्यात उतरू नका. उतरलातच आणि पुढे ताप आला, तर घरातली उरलेली गोळी न घेता डॉक्टरांना पाण्यात उतरल्याचं आधी सांगा.

आणि मगरी. विश्वामित्रीत त्या आपल्या आधीपासून आहेत; पूर आला की त्याही कोरडी जागा शोधतात. 2024 ला अकोट्यात एक घराच्या छपरावर बसलेली दिसली. पाणी उतरल्यावर गाडीखाली, जिन्याखाली, जनरेटरच्या खोलीत हात घालण्याआधी लांब काठी फिरवून बघा. दिसलीच तर वन खात्याला फोन करा, मुलांना वरच्या मजल्यावर पाठवा आणि मोबाईल खिशात ठेवा. गेल्या खेपेला आमच्याकडे वन खात्याच्या माणसांना मगरीपेक्षा सेल्फीवाल्यांनाच आधी हटवावं लागलं.