सगळेच पक्ष सरकार वाढवायलेत, मग आपण सोलापूरकरांनी करायचं काय

मतदान जवळ आलं की नव्या पेठेत, पार्क चौकात, चहाच्या गाड्यावर एकच चर्चा असते, हा आला तर काय देणार आणि तो आला तर काय देणार. कुठला परवाना बंद करणार, कुठला कर कमी करणार हे कुणी विचारतच नाही. माझं चादर-टॉवेलचं लहान दुकान आहे. सरकारनं मला काही देऊ नये आणि माझ्या कामात आडवंही येऊ नये एवढंच माझं म्हणणं, पण त्याला मत द्यायला एकही पक्ष सापडत नाही. बरीच वर्षं नुसती चिडचिड केली. आता त्याऐवजी जे करतो ते लिहितोय, कुणाला तरी उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी आपला पक्ष शोधायचा नाद सोडा. 2024 च्या विधानसभेला लाडक्या बहिणीचे 1500 चालू होते, महायुती म्हणाली 2100 करू, आघाडी म्हणाली 3000 देऊ, आणि खर्च कमी करतो म्हणणारा मला तरी एक दिसला नाही. राज्यावरचं कर्ज 9 लाख कोटींच्या वर गेलंय, ते फेडणार कोण तर आपलीच पोरं. कांद्याचं बघा. हंगामात सोलापूरच्या मार्केट यार्डात शेकडो गाड्या कांदा येतो, भाव जरा वर गेला की दिल्लीला शहरातला ग्राहक आठवतो. डिसेंबर 2010 आणि सप्टेंबर 2011 ला निर्यात बंद केली तेव्हा काँग्रेस आघाडीचं सरकार होतं, 2019, 2020 आणि डिसेंबर 2023 ला बंद केली तेव्हा भाजपचं होतं. झेंडा बदलला, शेतकऱ्याच्या मालावरचा हात तोच राहिला. मला याचा खरंच राग येतो, कारण भाव पडतो तेव्हा यातलं कुणी यार्डात उभं नसतं.

मग आपणच पक्ष काढू असं कुणी म्हणालं तर त्याला लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं कलम 29-अ दाखवा. 1989 पासून पक्षाची नोंदणी करायची तर संविधानाबरोबर समाजवादाच्या तत्त्वावरही निष्ठा असल्याचं लिहून द्यावं लागतं. राजाजींचा (चक्रवर्ती राजगोपालाचारींचा) स्वतंत्र पक्ष समाजवादाला आणि परवाना राजला विरोध म्हणून 1959 ला निघाला, 1967 ला त्याचे 44 खासदार होते, तो पक्ष आज नव्यानं नोंदवायचा म्हटला तर आधी खोटं लिहून द्यावं लागेल. हे मला फार चुकीचं वाटतं, पण ती कोर्टातली लढाई आहे, आपल्या दुकानातून होणारी नाही.

आपल्याला होण्यासारखं म्हणजे एक गोष्ट धरायची. एकच. सगळं सरकार एकदम लहान करायला निघालात तर सहा महिन्यात दमाल. तुमच्या धंद्याचा एक परवाना, एक फी, एक दाखला, ज्यात दरवर्षी तुमचा वेळ जातो, तो घ्या. मी एका कार्यालयात एका कागदासाठी तीन वेळा परत आलो, प्रत्येक वेळी नवीन कागद मागायचे आणि काय काय लागतं त्याची यादी कुठंच लावलेली नव्हती. तिथनं माझं सुरू झालं.

माहिती अधिकाराचा अर्ज करा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत, वर जन माहिती अधिकारी आणि कार्यालयाचं नाव. सगळ्यांची चूक एकच होते, ते “का” विचारतात. का असं विचारलं की ही माहिती नाही, हे मत आहे म्हणून अर्ज परत येतो. कागद मागा. हा परवाना कुठल्या कायद्याच्या कुठल्या कलमानं मागता त्याची प्रत, मागच्या तीन वर्षात किती अर्ज आले, किती नाकारले, फी किती जमा झाली, तपासणी किती ठिकाणी केली त्याची नोंदवही. आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. 30 दिवसात उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्याला 20 रुपयांचा स्टॅम्प. कलमच सापडत नाही असं निघालं तर तुमचं अर्धं काम तिथंच झालं.

दाखला अडकला असेल तर वेगळा रस्ता. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिलेली आहे, नाकारायचं तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि विनाकारण अडवलं तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. अर्ज आपले सरकार पोर्टलवरनं करा म्हणजे नंबर आणि तारीख दोन्ही तुमच्या हातात राहतात, तोंडी “उद्या या” ला काही अर्थ राहत नाही.

आणि कायदा कमी होतच नाही असं समजू नका. 2017 च्या दुकाने आस्थापना कायद्यानं 10 पेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना नोंदणीतनं सोडलं, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची, नूतनीकरणाचं झंझट गेलं. माझ्यासारख्या दुकानदाराचा केवढा वेळ वाचला! उमेदवाराशी बोलताना मी हेच उदाहरण देतो.

उमेदवार दारात आला की सगळी गाऱ्हाणी सांगत बसायचं नाही. “साहेब, पाच वर्षात तुम्ही कुठला एक नियम किंवा एक कर काढून टाकणार, या कागदावर लिहून सही करता का?” एवढंच विचारायचं. बहुतेक जण रस्ता करतो, गटार करतो, योजना आणतो असं बोलत पुढं जातात, जाऊ दे. कोपरा सभेत चार दुकानदारांनी मिळून हाच प्रश्न विचारला तर मात्र थांबावं लागतं, कारण लोक बघत असतात.

राहिला नोटा, म्हणजे मतदान यंत्रावरचं “यापैकी कुणीच नको” हे बटण. महापालिकेला आणि लोकसभा-विधानसभेला तो एकसारखा चालत नाही. राज्य निवडणूक आयोगाच्या 2018 च्या आदेशाप्रमाणे स्थानिक निवडणुकीत नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यावी लागते. लोकसभा-विधानसभेला नोटा पहिला आला तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो. म्हणून महापालिकेला कुणीच लिहून दिलं नाही तर मी नोटा दाबतो, आणि विधानसभेला ज्यानं कागदावर सही केली त्याला मत देतो, मग तो कुठल्या का पक्षाचा असेना.