ऑनलाइन ‘इंग्लिश १०१’: इंग्रजी येतं, मग गुण कुठे जातात? या चुका टाळा

अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांत पदवीच्या सुरुवातीला लेखनाचा एक कोर्स सगळ्यांनाच करावा लागतो, पुढे नर्सिंगला जायचं असो की अकाउंटिंगला. कुठे त्याचं नाव ‘इंग्लिश १०१’, कुठे ‘कॉम्पोझिशन वन’. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांत २०२५च्या फॉल (शरद) सत्रापासून तो ‘इंग्लिश सी १०००’ झाला आहे. एच-फोर व्हिसावर, म्हणजे कामाच्या व्हिसावाल्यांचे कुटुंबीय म्हणून, आलेल्यांना शिकायला परवानगी असते, त्यामुळे नव्याने काही शिकू पाहणाऱ्या मराठी मंडळींपैकी बरेच जण या कोर्सापासून सुरुवात करतात. घरातलं मूल हायस्कुलात असतानाच ड्युअल एनरोलमेंटमधून तो घेतं तेही आता नवं नाही. दोघांचाही समज एकच असतो: इंग्रजीच तर आहे, त्यात काय एवढं! घोटाळा तिथेच होतो. या कोर्सात सफाईदार इंग्रजीचे गुण थोडे असतात. प्रश्न नेमका ओळखून, टप्प्याटप्प्याने आणि ठरल्या तारखेला काम देण्याचे जास्त.

तासांचा हिशेब न करता आठ आठवड्यांचा वर्ग घेणं

अमेरिकेत एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्गाचा आणि साधारण दोन तास घरच्या अभ्यासाचे धरतात. तीन क्रेडिटचा कोर्स सोळा आठवड्यांत केला तर आठवड्याला नऊ तास लागतात. तोच आठ आठवड्यांत बसवला की अठरा. काम तेवढंच राहतं, श्वास घ्यायला जागा मात्र उरत नाही. रोज दोन-अडीच तास सलग मिळणार नसतील तर छोट्या सत्राच्या मोहात पडू नका. ‘असिंक्रोनस’ म्हणजे ठरावीक वेळी व्हिडिओ कॉलला बसावं लागत नाही, एवढंच. आठवड्याच्या डेडलाइन सुटत नाहीत.

एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर असाल तर आणखी एक गोष्ट पाहा. पूर्णवेळ अभ्यासक्रमाच्या हिशेबात एका सत्रात एकच ऑनलाइन वर्ग, किंवा तीन क्रेडिट, धरता येतात. नाव नोंदवण्याआधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारा.

पहिल्या आठवड्यात नुसतं लॉगिन करणं

‘मी तर रोज कॅनव्हास उघडत होते, तरी नाव कमी केलं’ ही तक्रार नेहमीची आहे (कॅनव्हास म्हणजे ऑनलाइन वर्ग चालतो ते कॉलेजचं संकेतस्थळ). आर्थिक मदतीच्या केंद्रीय नियमांनुसार नुसतं लॉगिन म्हणजे हजेरी नाही. काहीतरी शैक्षणिक काम केल्याची नोंद लागते. म्हणून पहिल्या दोन दिवसांत स्वतःच्या ओळखीची पोस्ट टाका, सिलॅबसवरची छोटी क्विझ असेल तर ती द्या. त्याच बैठकीत सिलॅबसमधून चार गोष्टी कागदावर उतरवून घ्या: कशाला किती टक्के, उशिराला काय दंड, एआयबद्दल काय नियम, आणि ‘डब्ल्यू’ (विथड्रॉ, म्हणजे कोर्स सोडल्याची नोंद) घेऊन बाहेर पडण्याची शेवटची तारीख.

तारीख आणि घड्याळ

१०/४ म्हणजे दहा एप्रिल नव्हे, चार ऑक्टोबर. तारखेतला दिवस बाराच्या आत असतो तेव्हा ही चूक पटकन लक्षातही येत नाही. उतरवताना महिना अक्षरांत लिहा.

घड्याळाची भानगड उन्हाळ्यात होते. समर सत्रातला वर्ग घ्यायचा आणि मधले तीन आठवडे पुण्याला किंवा साताऱ्याला जाऊन यायचं, असा बेत अनेकांचा असतो. बेत वाईट नाही. पूर्व किनाऱ्यावरच्या कॉलेजची रविवारी रात्री ११:५९ची डेडलाइन उन्हाळ्यात भारतात सोमवारी सकाळी ९:२९ला येते, पश्चिम किनाऱ्यावरची सोमवारी दुपारी १२:२९ला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं मागे गेली की यात एक तास वाढतो. कॅनव्हासच्या सेटिंग्जमध्ये टाइम झोन बदलला की सगळ्या वेळा त्या झोनमध्ये दिसतात. पण परतल्यावर तो पुन्हा बदलायचा विसरलात, तर पंचाईत.

विमानात बसण्याआधी आणखी एक काम उरकून घ्या. कॉलेजच्या खात्याचा ओटीपी अमेरिकेतल्या फोन नंबरवर येतो आणि तो नंबर भारतात बंद असू शकतो. ऑथेंटिकेटर अॅप लावून ठेवा, बॅकअप कोड कागदावर लिहून पाकिटात ठेवा. लॉगिनच होत नाही म्हणून निबंध राहिला, हे कारण फार कमी प्राध्यापक ऐकून घेतात.

डिस्कशन रविवारवर ढकलणं

वर्गातल्या लेखी चर्चेची, म्हणजे डिस्कशनची, सर्वसाधारण पद्धत अशी: पहिली पोस्ट आठवड्याच्या मध्यापर्यंत, दोन सहाध्यायींना उत्तरं रविवारपर्यंत. म्हणजे डेडलाइन दोन असतात, आणि कॅलेंडरमध्ये बऱ्याचदा एकच दिसते. शिवाय स्वतःची पोस्ट टाकल्याखेरीज इतरांच्या पोस्ट दिसू नयेत अशी सोय प्राध्यापकांनी केलेली असू शकते. तेव्हा ‘पान रिकामं दिसतंय’ म्हणून मेल पाठवण्याआधी आपली पोस्ट टाकून पाहा.

‘छान लिहिलंय, मी सहमत आहे’ या उत्तराला गुण मिळत नाहीत. समोरच्याचं एखादं वाक्य उचला, त्यात भर घाला किंवा शंका काढा, शेवटी एक प्रश्न विचारा. सात-आठ वाक्यं झाली की पुरे. पोस्ट आधी वर्डमध्ये किंवा गूगल डॉक्समध्ये लिहून मग चिकटवा. ब्राउझरने सेशन संपवलं की थेट बॉक्समध्ये लिहिलेलं गेलंच म्हणून समजा.

प्रॉम्प्ट न वाचता विषयावर लिहीत सुटणं

सगळ्यात जास्त गुण इथे जातात. शाळेत आपल्याला विषय मिळायचा आणि त्यावर निबंध लिहायचा. इथे प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे दिलेल्या प्रश्नात, मिळतं ते काम: एका क्रियापदात सांगितलेलं. ‘अॅनलाइझ’ असेल तर उकल करून दाखवायची, ‘आर्ग्यू’ असेल तर बाजू घ्यायची, ‘समराइझ’ असेल तर आपलं मत बाजूला ठेवायचं. रेटॉरिकल अॅनॅलिसिस हा पेपर (म्हणजे निबंध) तर हमखास फसतो. समजा, प्लॅस्टिकवरचा एक लेख दिलाय. विद्यार्थी पाच पानं प्लॅस्टिक किती वाईट यावर भरतो. विचारलेलं असतं ते निराळंच: लेखिकेने वाचकाला पटवलं कसं? आकडे आधी दिले की मच्छीमाराच्या जाळ्यातला कचरा आधी दाखवला? का? कोणत्या वाचकासाठी? लेखाशी तुम्ही सहमत आहात की नाही, याला त्या पेपरात शून्य किंमत.

प्रॉम्प्ट छापून घ्या. क्रियापदांखाली रेघ मारा, आकड्यांना गोल करा: किती शब्द, किती स्रोत, त्यातले किती अभ्यासपूर्ण नियतकालिकांतले. मग रुब्रिक, म्हणजे गुण कशाला किती याचा तक्ता, उघडा. गुण देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तेच असतं.

आता थीसिस, म्हणजे निबंधाचं मुख्य विधान. प्रॉम्प्ट असा धरू: गावातल्या एका प्रश्नावर भूमिका घ्या, १२०० शब्द, तीन स्रोत. पहिल्या मसुद्यात बहुधा या अर्थाचं वाक्य येतं: ‘सार्वजनिक वाहतूक आजच्या काळात फार महत्त्वाची आहे.’ याला नाही कोण म्हणणार? ज्याला कोणी हरकत घेऊ शकत नाही ते विधान थीसिस होत नाही. दुसऱ्या खेपेस: ‘आमच्या गावात बसगाड्या वाढवायला हव्यात.’ बाजू आली, पण कुठल्या, कुणासाठी, कशाला? तिसऱ्या खेपेस: ‘रात्री नऊनंतरच्या बस बंद करून गावाने पैसे वाचवले असले, तरी त्याचा भार रात्रपाळीच्या कामगारांवर आणि संध्याकाळच्या वर्गांना जाणाऱ्यांवर पडतो; म्हणून निदान एक मार्ग अकरापर्यंत चालू ठेवावा.’ या एका वाक्यात पेपरचा आराखडा तयार आहे: वाचलेल्या पैशांचा परिच्छेद, कामगारांचा, विद्यार्थ्यांचा, आणि एकच मार्ग का पुरेल याचा. तिसरं वाक्य सुचायला पहिली दोन लिहावीच लागतात. त्यासाठीच मसुदे मागतात, छळायला नव्हे.

आणखी एक मराठी सवय. सुभाषित, मग ‘प्राचीन काळापासून मानव’, मग हळूहळू मुद्दा. मराठीत याला प्रस्तावना म्हणतील, इथे नुसतं पाल्हाळ म्हणतात. थीसिस पहिल्या किंवा फार तर दुसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी दिसला पाहिजे, आणि प्रत्येक परिच्छेदाच्या पहिल्या वाक्याने त्यातला एक तुकडा हाती घेतला पाहिजे. मसुदा झाल्यावर फक्त पहिली वाक्यं वेगळी काढून एकाखाली एक वाचा. युक्तिवाद समजला, तर बांधणी ठीक आहे.

मराठी वळणाचं इंग्रजी

‘पाऊस आला, आम्ही थांबलो.’ मराठीत हे वाक्य स्वच्छ आहे. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडली की ती ‘कॉमा स्प्लाइस’, आणि प्राध्यापक ती दर पानावर खुणावतात. पूर्णविराम द्या, अर्धविराम द्या, नाहीतर ‘अँड’, ‘सो’ असं उभयान्वयी अव्यय घाला. ‘अ’ आणि ‘द’ मराठीत नाहीतच, त्यामुळे ते गळतात किंवा नको तिथे येतात. शेवटचं एक वाचन फक्त नामांसाठी ठेवा. ‘डिस्कस अबाउट’, ‘रिव्हर्ट बॅक’, ‘पुण्यातून ग्रॅज्युएशन केलं’ हे भारतात खपून जातं, इथे वाचणाऱ्याला अडखळायला होतं. स्पेलिंग अमेरिकन ठेवा, आणि पूर्णविराम-स्वल्पविराम अवतरणचिन्हाच्या आत.

एमएलए की एपीए, आणि स्रोत

स्रोत नोंदवण्याच्या एमएलए आणि एपीए या दोन पद्धतींपैकी या कोर्सात बहुधा एमएलए मागतात. सध्याची आवृत्ती नववी, २०२१ची. एपीएची सातवी, २०१९ची. दोन्हींची खिचडी ही नित्याची चूक. एमएलएमध्ये कंसात आडनाव आणि पानाचा आकडा, मध्ये स्वल्पविराम नाही: (देशपांडे ४५). एपीएमध्ये आडनाव, स्वल्पविराम, वर्ष. एमएलएच्या पानाला चारी बाजूंनी एक इंच समास, सगळीकडे दुप्पट अंतर, वर उजवीकडे आडनाव आणि पृष्ठांक. ‘वर्क्स सायटेड’ या संदर्भयादीत प्रत्येक नोंदीची दुसऱ्या ओळीपासून अर्धा इंच आत सरकलेली मांडणी. ती स्पेसबार दाबदाबून करू नका. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘हँगिंग’ निवडा, नाहीतर दुसऱ्या संगणकावर सगळं विस्कटतं. गद्य उतारा चार ओळींपेक्षा लांब असेल तर अवतरणचिन्हं काढून अख्खा अर्धा इंच आत घ्या. शंका आली तर पर्ड्यू विद्यापीठाचं ‘आउल’ हे मोफत संकेतस्थळ पुरेसं आहे.

लेख लायब्ररीच्या डेटाबेसमधून घेतलात आणि दुसऱ्या दिवशी लिंक उघडेना? ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता बहुतेकदा त्या सेशनपुरता असतो. लेखाच्या पानावरची ‘पर्मालिंक’ किंवा डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) घ्या, आणि पीडीएफ उतरवून ठेवा.

टर्निटिन आणि एआय

मजकुरातलं साम्य शोधणाऱ्या टर्निटिनची टक्केवारी म्हणजे चोरीची टक्केवारी नव्हे. मजकूर कुठे जुळतो एवढंच ते दाखवतं. फिल्टर लावलेला नसेल तर अवतरणं आणि संदर्भयादीही त्यात मोजली जाते. रंगवलेला मजकूर उघडून बघा. अवतरणचिन्हांत आणि स्रोतासह असेल तर सोडा. एखादा परिच्छेद चार-चार शब्दांच्या तुकड्यांनी जुळत असेल, तर मूळ वाक्यातले शब्द बदलून तुम्ही त्याचीच रचना ठेवली आहे. मूळ लेख बंद करा, समजलेलं आठवून लिहा, आणि स्रोत तरीही द्या. पुन्हा अपलोड करायची परवानगी असली तरी साधारण तीन खेपांनंतर नव्या अहवालाला २४ तास लागतात, म्हणून डेडलाइनच्या रात्री हा खेळ खेळू नका.

मराठीत लिहून यंत्राकडून भाषांतर करून घेणं किंवा व्याकरण सुधारणाऱ्या साधनाला अख्खी वाक्यं बदलू देणं हेही अनेक वर्गांत एआयचा वापर धरलं जातं. चॅटबॉट संदर्भ रचून देतात हे तर आता सर्वांना ठाऊक आहे, तरी लोक फसतात. प्रत्येक डीओआय उघडून पाहा. आणि पहिल्या ओळीपासून गूगल डॉक्समध्ये लिहा. उद्या कुणी शंका घेतली तर ‘व्हर्जन हिस्टरी’मध्ये दिवसागणिक वाढत गेलेला मसुदा दाखवता येतो. दुसरीकडे लिहून शेवटी एकदम चिकटवलंत, तर दाखवायला काहीच उरत नाही.

फाइल

गूगल डॉक्सची लिंक दिली पण परवानगी दिली नाही, मॅकवरची ‘पेजेस’ फाइल दिली, चुकून जुना मसुदा दिला: तिन्हींचा निकाल बहुधा शून्य. वर्ड किंवा पीडीएफ करून द्या, आणि सबमिट केल्यावर तीच फाइल उघडून पहिलं आणि शेवटचं पान बघा. पीअर रिव्ह्यूला, म्हणजे सहाध्यायींनी एकमेकांचे मसुदे वाचण्याला, उशीर तर मुळीच करू नका. कॅनव्हास आपोआप जोड्या लावत असेल तर त्या वेळेपर्यंत मसुदा न दिलेल्यांना जोडीदारच मिळत नाही, आणि त्याचेही गुण असतात.

९४ टक्के दिसतात म्हणून निर्धास्त राहणं

कॅनव्हासमधली एकूण टक्केवारी सुरुवातीला फक्त तपासलेल्या कामांवर काढलेली असते. न दिलेल्या कामात शून्य टाकलेलं नसेल तर ते हिशेबात येतच नाही. गुणांच्या पानावर ‘फक्त तपासलेल्या असाइनमेंट’ अशी खूण असते. ती काढा, खरा आकडा समोर येतो. तपासलेल्या पेपरवरचे शेरे बघायला आकड्यावर थांबू नका, ‘व्ह्यू फीडबॅक’ उघडा. पुढच्या मसुद्याचे गुण बऱ्याचदा ते शेरे अमलात आणण्यावरच असतात.

शेरा समजला नाही तर मेल करा. विषयात कोर्स आणि सेक्शनचा क्रमांक, सुरुवातीला ‘प्रोफेसर’ आणि आडनाव. ‘रिस्पेक्टेड सर’ आणि ‘डू द नीडफुल’ नको. रायटिंग सेंटरला मसुदा पाठवायचा असेल तर डेडलाइनच्या तीन-चार दिवस आधी पाठवा. तपासून यायला एक-दोन दिवस जातात. तिथे व्याकरण दुरुस्त करून मिळत नाही, म्हणून ‘तपासून द्या’ असं न लिहिता ‘तिसऱ्या परिच्छेदात पुरावा पुरेसा आहे का’ असं विचारा.

दोन मोठे पेपर हुकले असतील तर ‘डब्ल्यू’ची तारीख जायच्या आत प्राध्यापकांशी बोला. डब्ल्यू जीपीएत (गुणांच्या सरासरीत) धरत नाहीत, एफ (नापास) धरतात. आर्थिक मदत घेत असाल तर डब्ल्यूचाही परिणाम होतो, त्यामुळे अर्ज भरण्याआधी फायनान्शियल एड ऑफिसला एक फोन करा. आणि वर्गात येणं सोडलं म्हणजे नाव आपोआप कमी होईल असं धरून बसू नका.