तुरटीने गढूळ पाणी निवळायचं कसं आणि त्यात पीएचचं काय काम

तुरटीचा खडा हातात धरून पाण्यात चार वेळा फिरवायचा ही पद्धत सगळ्यांना माहीत असते, पण त्यात प्रॉब्लेम असा की नक्की किती तुरटी गेली ते कोणालाच कळत नाही, कमी पडली तर पाणी गढूळच राहतं आणि जास्त झाली तर पाणी तुरट लागतं आणि विरघळलेलं ॲल्युमिनियम पोटात जातं. म्हणून मोजून करा. फार अवघड नाही, फक्त आत काय होतं ते आधी समजून घ्यायला हवं.

तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचं जोड सल्फेट आणि तिच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे १२ रेणू स्फटिकात अडकलेले असतात. वजनाने बघितलं तर जवळपास ४५ टक्के पाणीच. (म्हणूनच तव्यावर टाकली की फुलून लाही होते, आणि लाहीचं वजन मूळ तुरटीच्या जवळपास निम्मं भरतं, त्यामुळे खालचे आकडे लाहीला लावू नका, साध्या खड्याची पूडच घ्या.)

पाण्यातला गढूळपणा म्हणजे मातीचे इतके बारीक कण की ते स्वतःहून खाली बसतच नाहीत. त्यांच्यावर ऋण भार असतो त्यामुळे ते एकमेकांना ढकलत राहतात. ॲल्युमिनियमच्या आयनावर (म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूवर) ३ धन भार, तो हे ढकलणं मोडतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाण्याशी रिॲक्शन होऊन ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे पांढरट पुंजके तयार होतात, ते माती गुंडाळून घेऊन खाली बसतात. पण हे होताना ॲसिड सुटतं! तुरटीचं नुसतं द्रावणसुद्धा चांगलंच आम्लधर्मी असतं. पाण्यात आधीपासून बायकार्बोनेट असेल तर ते हे ॲसिड खाऊन टाकतं, नसेल तर पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, ७ म्हणजे ना आम्ल ना अल्कली, त्याखाली आम्ल) खाली जातो आणि पुंजके बनतच नाहीत.

आता कृती. १० ग्रॅम तुरटीची पूड १ लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवा, काचेची किंवा प्लास्टिकची बाटली घ्या, लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचं भांडं नको. या द्रावणाच्या १ मिलीमध्ये १० मिलिग्रॅम तुरटी आली, हिशोब सोपा. मग सहा सारखी पारदर्शक भांडी घेऊन प्रत्येकात १ लिटर गढूळ पाणी भरा आणि १, २, ३ असं करत ६ मिलीपर्यंत द्रावण घाला. आधी मिनिटभर जोरात ढवळायचं म्हणजे तुरटी सगळीकडे पोचते, नंतर १५-२० मिनिटं अगदी हळू, कारण जोरात ढवळत राहिलात तर झालेले पुंजके तुटतात आणि परत जुळत नाहीत, बहुतेकांचं इथेच बिघडतं. मग अर्धा तास हात लावू नका. ज्या भांड्यात सगळ्यात कमी तुरटीत पाणी निवळलं तो तुमचा डोस. समजा ३ मिली निघाला तर २० लिटरच्या बादलीला ६० मिली. पाऊस पडून गेल्यावर पाणी बदलतं, तेव्हा टेस्ट परत करायची.

एकाही भांड्यात पुंजके दिसत नसतील तर आणखी तुरटी ओतू नका, पीएच बघा. साधारण ६ ते ७.५ मध्ये काम छान होतं. त्याच्या खाली असेल तर खायचा सोडा घाला, तुरटीच्या निम्म्याहून किंचित जास्त वजनाचा सोडा तिने सोडलेलं सगळं ॲसिड मारायला पुरतो. उलट पीएच ८ च्या बराच वर गेला तर हायड्रॉक्साइड परत विरघळून ॲल्युमिनेट होतं, कारण हा पदार्थ उभयधर्मी आहे, आम्लातही विरघळतो आणि तीव्र अल्कलीतही. डोळ्याने बघायचं असेल तर तुरटीच्या त्या मूळ द्रावणात थोडं धुण्याच्या सोड्याचं पाणी घाला, बुडबुडे येऊन जेलीसारखा पांढरा साका तयार होतो, तो ताजा असतानाच व्हिनेगर घालून ढवळत राहा, हळूहळू गायब होतो.

पीएच फार खाली गेला तर किती महागात पडतं याचं मोठं उदाहरण इंग्लंडमधल्या कॅमलफर्डचं. जुलै १९८८ मध्ये तिथे २० टन ॲल्युमिनियम सल्फेट (तुरटीसारखंच पाणी निवळणारं रसायन) चुकीच्या टाकीत ओतलं गेलं, पाणी इतकं आम्ल झालं की पाइपांमधलं तांबं आणि शिसंसुद्धा त्यात उतरलं. नीट चालवलेल्या जलशुद्धीकरण केंद्रात मात्र पाण्यात उरणारं ॲल्युमिनियम लिटरला ०.१ ते ०.२ मिलिग्रॅमच्या आत ठेवता येतं.

वरचं निवळ पाणी हलकेच काढून घ्या, गाळून घ्या, आणि मग उकळा किंवा क्लोरीन घाला, हे टाळू नका. तुरटीने बरेचसे जंतू गाळाबरोबर खाली जातात पण मरत नाहीत. क्लोरीन वापरणार असाल तर अजून एक गोष्ट तपासा, तुरटी म्हणून अमोनियाची तुरटीही मिळते आणि दिसायला ती सेम असते. चिमूटभर पूड ओल्या चुन्यात मिसळा, नाकात जाणारा अमोनियाचा वास आला तर ती अमोनियाची. तिच्यातला अमोनिया क्लोरीनला धरून ठेवतो आणि जंतू मारायची त्याची ताकद कमी होते, त्यामुळे ती क्लोरीनबरोबर नको.

उरलेल्या तुरटीचा मला सगळ्यात आवडणारा उपयोग म्हणजे कापड रंगवणं. ॲल्युमिनियम एका बाजूने धाग्याला आणि दुसऱ्या बाजूने रंगाच्या रेणूला धरतं, मंजिष्ठेचा लाल रंग टिकतो तो यामुळेच. लोकरीसाठी तिच्या वजनाच्या १० ते १५ टक्के तुरटी गरम पाण्यात विरघळवा, लोकर आधी भिजवून घ्या, मग हळूहळू तापवत ८० अंशांच्या आसपास तासभर ठेवा आणि त्याच पाण्यात गार होऊ द्या. इथेही लोखंडी भांडं नको, लोह उतरलं की रंग काळपटतो. सुती कापड तुरटी तेवढी पटकन घेत नाही, त्याला आधी हिरड्यासारख्या टॅनिनवाल्या (धाग्याला चिकटणारं तुरट द्रव्य असलेल्या) पाण्यात भिजवा आणि नंतर शक्यतो ॲल्युमिनियम ॲसिटेट वापरा. त्यातलं ॲसिटिक ॲसिड सौम्य आणि उडून जाणारं, त्यामुळे कापड वाळताना ॲल्युमिनियम धाग्यावरच बसतं. वाळल्यावर सैल राहिलेलं सगळं धुऊन काढा आणि मगच कापड रंगात टाका, नाहीतर रंग धाग्याऐवजी पाण्यातल्या ॲल्युमिनियमलाच चिकटतो आणि डाग पडतात.